औंधची वायंडर कोण?

आवं,

पत्राला सुरुवातीला 'प्रिय' लिहितात म्हणे. जन्मात कधी तुम्हाला तसं म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच दचकाल. म्हणून 'आवं'च बरं. या हाकेला निदान "काय गं?" तरी म्हणायचात.

लिहायचं कारण तुमचा कट्टा. उद्या रविवार. कट्ट्यावरची सगळी मिस्त्री मंडळी उद्या मोबाईलवर एकत्र जमणार आहेत आणि एका बाईचा निकाल लावणार आहेत. बाई खरी की खोटी? आत ठेवायची की बाहेर काढायची? आणि आवं, हे सगळं माझ्यामुळं पेटलंय! कसं ते सांगते, पण आधी तुमच्यावरचा राग जरा बाहेर पडू द्या.

मोबाईलवर हा कट्टा काढलात तेव्हापासूनच मला शंका होती. इस्लामपुरात बाजारपेठेत आपलं मोटरी भरायचं दुकान. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की जळालेल्या मोटरींची दारात रांग, आणि मालक मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेले! "एवढं काय हाय त्यात?" म्हणून विचारलं, तर म्हणायचात, "आमा मिस्त्रींचं हाय ते. तुला न्हाई कळायचं." न्हाई कळायचं? मग आत पडद्यामागं बसून जळकी तार उपसून त्या मोटरी नव्या तारेनं भरत कोण होतं? तुमची आत्या?

हां, कट्टा चांगला बांधलात, ते मान्य. वेल्डर, प्लंबर, सुतार, गवंडी, वायंडर, अशी सातारा-सांगलीची हातानं कमावणारी माणसं एका जागी आणलीत. महाबळेश्वरच्या प्लंबरला हॉटेलात काही अडलं, तर मिरजेचा प्लंबर घरबसल्या सांगणार. दुकानदाराला प्रवेश नाही, एजंटाला नाही. आणि आडनाव तर कुणालाच नाही! "आडनाव दिसलं की मानसं जात हुंगत्यात," म्हणायचात. म्हणून फक्त काम आणि गाव. वेल्डर, विटा. प्लंबर, मिरज. तुम्ही मोटरी भरणारे, म्हणून वायंडर, इस्लामपूर.

शिवाय तुमचा तो नियम. हात बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही. नवा माणूस आला की जुन्या दोघांनी त्याला काम करताना मोबाईलवर बघायचं, मगच तो सभासद. तारेचा एक व्यापारी मिस्त्री बनून शिरायला बघत होता. तुम्ही त्याला पक्कड धरायला लावलीत आणि त्यानं ती चमच्यासारखी धरली! जेवताना ते सांगून किती हसलात, ठसका लागला होता तुम्हाला. प्रत्येकाकडं संशयानं बघायची सवय मला तुम्हीच लावलीत, एवढं ध्यानात असू द्या.

दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. दुकानातच. छातीत कळ आली म्हणालात, मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. एवढी कसली घाई हो?

दिवसकार्य झाल्यावर विट्याच्या वेल्डरचा फोन आला. "वयनी, कट्टा आता तुमी संबाळा. मिस्त्रींच्या मोबाईलवरनंच चालू द्या." मी मनात म्हटलं, ह्याचा डाव काय? बाई एकटी सापडली, तिला नावाला बसवायचं आणि मागनं कट्टा हडपायचा? "बघू," म्हणून फोन ठेवला आणि तुमच्या मोबाईलवरचे जुने मेसेज वाचायला बसले. कोण कसा माणूस आहे, कळायला नको?

आणि तिथं ती सापडली. वायंडर, औंध.

औंध! माझं माहेर! तिथली कोण ही? बाईच होती, कारण सगळे तिला ताई म्हणत होते. ताईंना विचारा, ताई सांगतील तसं करा. आणि तुम्ही? तुम्ही लिहिलं होतं, "औंधच्या वायंडरचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. मी भरलेली मोटर एखादी परत येते, तिची येत नाही." अंगाची लाही लाही झाली माझ्या. संसार केला तुमच्याशी, पण 'बरं केलंस' हे दोन शब्द कधी तुमच्या तोंडून निघाले नाहीत. आणि त्या सटवीचं एवढं कौतुक!

तिची उत्तरं वाचली. बरोबर होती, तेच जास्त झोंबलं. "तार ओढू नका, लाडानं बसवा." "वार्निश पुरतं वाळू द्या, घाई केलीत की पस्तावाल." अगदी माझी रीत! म्हटलं, बघा, घरातली विद्या बाहेर नेऊन वाटली. म्हणूनच जेवताना विचारत होतात ना, "तीन एचपीची मोटर सारखी तापतीया, काय करावं गं?" मी भाकरी थापता थापता सांगायची. मला वाटायचं, नवरा आपल्याशी चार शब्द बोलतोय. लय बरं वाटायचं हो मला.

बरं, तिला आत घेताना हात कुणी बघितले? वेल्डरला विचारलं, तर तो म्हणाला, "मिस्त्री म्हनले, माज्या शब्दावर घ्या. आमी घेतलं." म्हणजे जगाला नियम, आणि या बाईला दार सताड उघडं! त्यात तुम्ही गेल्यापासून ती गप्प. सगळ्यांनी तुमच्यासाठी दोन ओळी लिहिल्या, हिनं एक अक्षर नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

मग मी गप्प बसणार आहे होय? तुमच्या मोबाईलवरनं सगळ्यांना आवाज पाठवला. "मी मिस्त्रींच्या घरनं बोलतीया. ही औंधची वायंडर कोण हाय? हिचं हात कुनी बघितल्यात का? नसतील तर भाईर काढा हिला."

झालं! कट्टा पेटला. कुणी म्हणालं, व्यापाऱ्यानं पेरलेली बाई असणार. कुणी म्हणालं, बाईच नाही ती. मिरजेच्या प्लंबरला वाटलं, मोबाईलच आपल्या मनानं उत्तरं देत असेल, हल्ली काय सांगावं! शेवटी ठरलं, रविवारी तिनं सगळ्यांसमोर मोटर भरून दाखवायची, नाहीतर नाव कमी.

माझं तेवढ्यानं कुठं भागतंय? मला तिचं तोंड बघायचं होतं. औंधला माझ्या भावाला फोन लावला. "दादा, गावात मोटरी भरनारी बाई कोण हाय? जरा हुडकून काढ तिला."

दादा हसायलाच लागला. "खुळी का काय तू? आपल्या गावात मोटरी भरनारी एकच बाई निपजली. ती आमी इस्लामपूरला दिली."

तो हसत असतानाच मी फोन ठेवून दिला. खरंच की हो! बापाच्या दुकानात बसून मी हे काम शिकले ते औंधातच. तुमच्या आईनं मला शेवटपर्यंत 'औंधकरीण' म्हणूनच हाक मारली, सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावानं ओळखतात तशी. तुमच्या खुर्चीमागच्या फळीवर तो काच फुटलेला जुना मोबाईल पडला होता. "गानी ऐकायला ठेवलाय," म्हणायचात. तो चार्जिंगला लावला, कट्टा उघडला. नाव आलं, वायंडर, औंध.

म्हणजे जिच्यावर जळत होते ती मीच! आणि मलाच बाहेर काढा म्हणून मीच बोंब मारून बसले! आधी हसले, मग रडू आलं, मग तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, ते आल्या पावली निघून गेलं.

आता अडचण ऐका. उद्या मी गप्प राहिले, तर औंधची वायंडर जाईल आणि तुमचं नाव स्वच्छ राहील. हात दाखवले, तर सगळ्यांना कळणार, मिस्त्रींनी स्वतःच्याच बायकोला मागच्या दारानं आत घेतलं, आणि ताई म्हणून स्वतःच लिहीत बसले. कट्टा उभाच विश्वासावर आहे. त्याचं काय होईल?

आज सकाळी वेल्डरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या की वयनी. गेलेल्या मानसाला कशाला उघडं पाडताय? गुमान नाव कमी करू, कुनाला कळायचं न्हाई."

मी म्हटलं, "गेलेल्या मानसाचं नाव ऱ्हाईल आनि जित्या बाईचं पुसायचं, व्हय?"

"आवं, तसं न्हाई..." म्हणाला. मग म्हणाला, "तुमीच ठरवा." माणूस वाटतो बरा. पण कट्टा त्याला हवाय की नकोय, मला अजून कळलेलं नाही.

आणि तुमच्यावरचा संशय तर मुळीच फिटलेला नाही. सरळ विचारते. माझ्यापासून का लपवलंत? दुकानाच्या पाटीवर तुमचं नाव. गिऱ्हाईक येणार, मलाच विचारणार, "मिस्त्री कुठं हाईत?" आणि माझ्याच हातची मोटर घेऊन जाणार. खरं कळलं असतं तर तुमचा तोरा उतरला असता, म्हणून? की मी नको म्हणेन, म्हणून? म्हटलंच असतं मी नको. "बाप्यांच्यात बाईमानसाचं काय काम?" म्हटलं असतं. पण विचारायचं तरी! साऱ्या परक्या माणसांना सांगितलंत, तिचा हात सरस आहे. फक्त तिलाच तेवढं सांगितलं नाहीत! भाकरीचा तुकडा मोडता मोडता एकदा म्हणाला असतात, तर काय तोंड झिजलं असतं? मी तेवढ्यावर उरलेला जन्म काढला असता.

याचं उत्तर आता कुणाकडं मागू?

असो. मी ठरवलंय. उद्या आतला पडदा काढून पुढच्या टेबलाशी बसणार. बोरगावच्या माळ्यांची पाच एचपीची जळकी मोटर आलीय, तिच्यात सगळ्यांसमोर तार बसवणार. विचारतील ते खरं सांगणार, तुम्ही नियम मोडलात हेसुद्धा. मग ठेवू देत नाहीतर काढू देत.

पण तुम्हाला एक शब्द देते. त्यांच्यातल्या एकानंही तुम्हाला लबाड म्हटलं, तर हातातली मोटर बाजूला ठेवून आधी त्याची खरडपट्टी काढीन. तुम्ही लबाड होतातच. पण ते म्हणायचा हक्क माझ्या एकटीचा आहे.

तुमची,
शालन