दोनशे सतराचा घात

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : यंदा दोनशे सतरा धूर सोडणार म्हणजे सोडणार. पुरात पुलावर पाणी चढलेलं असताना सहाशे माणसं पलीकडे आणणारं नामांकित इंजिन, आणि चाळीस वर्षं शेडमध्ये गंजतंय. चाड आहे ती फक्त मला, म्हणजे समितीच्या अध्यक्षाला. (मेहुणा चिटणीस आहे, पण तो बहिणीच्या धाकाने.) इंजिनाचा इतिहासही लिहिणार. प्रकरण पहिलं उद्या.

४ जानेवारी
पहिलं प्रकरण विचारांच्या पातळीवर पूर्ण.

१९ जानेवारी
दिवसभर शेडमध्ये राबलो. याच शेडमधून निवृत्त झालेला म्हातारा फिटर गंज खरवडत होता, कुठे राहिलाय ते मी दाखवत होतो. माणूस कामाचा, पण बोलत नाही. माझं दडपण येत असावं.

२ फेब्रुवारी, दुपारी
रंग लावता लावता मेहुण्याने हाक मारली. चाकं जोडणाऱ्या दांडीवर नंबर ठोकलेला. म्हणे, भावजी, हा २७१ आहे. म्हटलं, चष्मा बदल. त्याने माझा घातला. तरी २७१.
फिटर म्हणाला, सगळ्या भागांवर तोच नंबर आहे. खरं दोनशे सतरा चाळीस वर्षांपूर्वीच भंगारात गेलं. मग याच्यावर पाटी कशी? मी लावली, म्हणाला. कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्याच नाही. का? जाऊ द्या ना साहेब.
जाऊ द्या! बारा वर्षं दर रविवारी ती पाटी मी ब्रासो लावून पुसतोय!

३ फेब्रुवारी
फिटरला समितीतून काढलं. ठराव एकमताने मंजूर. (मेहुणा विरोधात होता, पण चिटणिसाचं मत धरत नाहीत.) हत्यारांची पेटी उचलून निमूट गेला. अपराधी माणूस गप्पच असतो. ही म्हणाली, तुमच्यापेक्षा त्याचंच आहे ते इंजिन. घरातही फितुरी.

५ फेब्रुवारी
आता एकच ध्यास. दोनशे सतराला भंगारात धाडणारा नराधम शोधायचा, त्याचं नाव संगमरवरावर कोरून शेडच्या दारात लावायचं. दगड सांगून आलो. कागद धुंडाळायला मेहुण्याला माझ्या जुन्या रेल्वे कचेरीत पाठवलं. माझे गुडघे.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
कागद मिळाला. मेहुणा म्हणाला, भावजी, आधी बसा.
साहेबांचा मूळ हुकूम : २७१ भंगारात काढा. शेडला गेलेली नक्कल : २१७ भंगारात काढा. नक्कल करणारा कारकून : मी. नोकरीचा दुसरा महिना.
अक्षर मात्र सुरेख आहे.
जेवलो नाही. दगडवाल्याला फोन करून काम थांबवलं.

१८ फेब्रुवारी
फिटरच्या घरी गेलो. माफी मागायची, असं वाटेत तीनदा घोकलं. त्याने कागद हातात घेतला, न वाचता परत दिला. म्हणाला, इंजिन तोडून झाल्यावर चूक कळली. कारकून नवीन आहे, एवढंच ऐकलं होतं. नोकरी गेली असती बिचाऱ्याची. शेजारच्या इंजिनाला पाटी लावून टाकली. कुणी विचारलं नाही.
आणि तो कारकून मी, हे कधी कळलं? समितीची पहिली चिठ्ठी आली तेव्हा, म्हणाला. अक्षर ओळखलं.
म्हणजे बारा वर्षं! मग बोलला का नाहीत?
तुम्ही एवढ्या हौसेने पाटी पुसत होता, म्हणाला.
चहा झाला. निघालो. माफी राहिली.

१९ फेब्रुवारी, सकाळी ६
नीट विचार केला. बारा वर्षं शेजारी बसून डबा खायचा आणि एवढी गोष्ट पोटात ठेवायची? याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं? आज त्याला स्पष्ट सुनावणार.

त्याच दिवशी, दुपारी
शेडबाहेर त्याची सायकल. कुणी बोलावलं कोण जाणे. (ही विषय बदलते आहे.) तो इंजिनाखाली आडवा पडून काम करत होता. सुनावायचं काही आठवेना. शेवटी गुडघे टेकून बसलो आणि बॅटरी धरली.
जरा वर, म्हणाला.
वर धरली.