लेकीसाठी बघितलेलं जुनं पॅराशूट

नाना, "आधी वजन सांगा, मग भाव सांगतो," असं तुम्ही त्या गिऱ्हाइकाला म्हणालात तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन, आणि मला माझ्याच वडिलांची लाज वाटली होती. आपल्या डोंबिवलीच्या घरी रद्दीवाला यायचा, तो असंच बोलायचा. गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याहून आलेला एक जाडजूड गृहस्थ. कुणीतरी परदेशातून आणलेलं वापरलेलं पॅराशूट त्याला घ्यायचं होतं आणि त्याची खरी किंमत किती हे विचारायला तो तुमच्याकडे आला होता, कारण हवाई दलात वीस वर्षं पॅराशूट शिवून, तपासून आणि घड्या घालून निवृत्त झालेला दुसरा कुणी त्याला इकडे माहीत नव्हता. त्यानं वजन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग तुमच्यासाठी याचा भाव शून्य. पासष्ट किलोचा कुणी आला तर बोलू." तो गेल्यावर मी विचारलं, एकाच वस्तूचे दोन भाव कसे? तुम्ही मला तुमच्या चपला घालायला लावल्यात आणि म्हणालात, "आता जिना उतरून दाखव."

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मानपाड्याचा तुमचा गाळा मी चालवते. इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी, परांचीवर चढणाऱ्यांसाठी कमरेचे आणि छातीचे पट्टे शिवते; पॅराशूट वर्षातून दोन-तीन येतात. मागच्या पंधरवड्यात एक आलं, ते माझ्या लेकीनं आणवलं. तुम्ही गेलात तेव्हा ती पाच वर्षांची होती. गाळ्यातल्या लोखंडी तुळईला पट्टे टांगून तुम्ही तिला त्यात बसवायचात, झोके द्यायचात, आणि मी जेवायला हाका मारायचे तर ती वरूनच ओरडायची, "नाना, अजून वर!" आता ती बावीस वर्षांची आहे. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून तिनं विमानातून उडी मारायचं शिक्षण घेतलं. मला कळलं तेव्हा सात उड्या झाल्या होत्या. आता चाळीस झाल्यात. भाड्याचं पॅराशूट दर वेळी वेगळं येतं, म्हणून तिला स्वतःचं हवंय, आणि नवं परवडत नाही. कल्याणचा एक जण गुडघा गेला म्हणून आपलं विकतोय. "आई, तू बघ," ती म्हणाली. "तू चांगलं म्हणालीस तर चांगलं."

एवढं मोठं कापड पसरायला गाळ्यात जागा नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचीच पद्धत मी ठेवलीय: चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयाचा हॉल सकाळी दोन तास मागून घेते. तिथला म्हातारा वॉचमन दर वेळी तेच विचारतो, "ताई, मंडपाचं काय भाडं घेता?" त्या सकाळी निळं-पांढरं पॅराशूट फरशीभर पसरलं होतं, विकणारा एका खुर्चीवर पाय लांब करून बसला होता आणि लेक चपला काढून कापडाच्या कडेकडेनं फिरत होती. मी त्याला विचारलं, किती उड्या? तो म्हणाला, एकशे नव्वद.

"एकशे नव्वद की तीनशे नव्वद?"

"ताई, तुम्ही विकत घेणार आहात की मला पोलिसात देणार आहात?"

लेक हसली. मी नाही हसले. उड्या लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण तुम्ही शिकवलंत तसं मी माणसाला सोडलं आणि दोऱ्यांना विचारलं. उघडताना घर्षणानं तापून बाहेरच्या दोऱ्या आखडतात. डावी-उजवी जोडी ओढून धरली की खोटं बोलणाऱ्याचं पॅराशूट तिथंच उघडं पडतं. आखडल्या होत्या, पण एकशे नव्वद उड्यांना आखडाव्यात तेवढ्याच. कापड ओठांना लावून श्वास ओढला, हवा आली नाही. शिवण उन्हाकडे धरली. पट्ट्यांचा वास घेतला, ओलीचा वास नव्हता. माणसाची शुद्ध हरपली तरी राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं ते छोटं यंत्र, त्याचीही बरीच वर्षं शिल्लक होती. शेवटी मी लेकीला वजन विचारलं. मनात म्हणत होते, कमी सांग, जास्त सांग, काहीतरी असं सांग की हे तुला बसणार नाही.

"चोपन्न," ती म्हणाली. "तुझ्या डब्याची कृपा."

तिच्या मापाचं आहे, नाना. मी मुद्दाम मागवलं असतं तरी इतकं नेमकं मिळालं नसतं.

राखीव पॅराशूट मी गाळ्यावर आणून तपासलं. कापड दोन चिमट्यांत धरून, स्प्रिंगचा काटा लावून, ठरलेल्या वजनापर्यंत ओढायचं. फाटलं तर बाद, टिकलं तर पास. टिकलं. मी काटा खाली ठेवला, हात धुतले, परत आले आणि त्याच जागी पुन्हा ओढलं. तुम्हाला आठवत असेल, सोळाव्या वर्षी मी असंच केलं होतं, खात्री करायला म्हणून. तुम्ही माझ्या हातातून काटा काढून घेतला होतात. आयुष्यात मला तुम्ही एवढ्या मोठ्यानं कधी बोलला नव्हतात. "एकदा विचारलंस, त्यानं उत्तर दिलं. परत परत विचारून मारशील त्याला!" प्रत्येक ओढीत कापडाचा थोडा जीव जातो, म्हणून तर कडेच्या पट्टीवर चौकटी छापलेल्या असतात आणि दर ओढीला एका चौकटीत फुली मारायची असते. हे सगळं मला पाठ आहे. तरीही मी दुसऱ्यांदा ओढलं, आणि या वेळी मला खात्री नको होती. मला ते फाटायला हवं होतं. जे कापड उद्या माझ्या लेकीला आभाळात झेलणार, ते माझ्या हातात टर्रकन फाटावं म्हणून मी दात-ओठ खाऊन ओढत होते. ते दुसऱ्यांदाही टिकलं. मग मी त्याच्यावर डोकं टेकून बसले.

संध्याकाळी लेक गाळ्यावर आली. मी म्हटलं, अजून बघतेय.

"अगं पण किती दिवस? त्याला दुसरं गिऱ्हाईक आलंय."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर नको," ती सहज म्हणाली. "एक बघितलंय टिटवाळ्याच्या एका मुलाकडे, स्वस्त आहे, पण जुनाट वाटतं. ते बघशील मग." पुढे म्हणाली, "उडी तर मारणारच आहे ना मी. भाड्याचं घेऊन का होईना." आवाजात भांडण नव्हतं. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती तुमच्या तुळईखाली उभी राहून वर बघत होती, आणि मला तुमचा इतका राग आला की मशीन सुरू करून मी एक नसलेली शिवण मारत बसले.

तेव्हापासून तपासणीचा कागद माझ्यासमोर आहे. भावाचा आकडा लिहिलाय, तो वाजवी आहे. त्या गुडघेवाल्या माणसाला मी एका रुपयानंही फसवलेलं नाही. खाली पास की बाद, एवढा एकच शब्द राहिलाय. बाद लिहिलं तर ती थांबणार नाही, याच्याहून वाईट काहीतरी पाठीवर बांधेल, आणि ते मला कळतं. तरीही हात तिकडेच जातो. दुसऱ्या ओढीची फुली मी पट्टीवर अजून मारलेली नाही, हेही सांगून टाकते; आज मारीन. हे पत्र द्यायला तुमचा पत्ता कुठे आहे? गाळ्याच्या खणात, जुन्या दोऱ्यांच्या रिळांखाली ते पडून राहील. पण एक मागते. तुम्ही देणार नाही, उभ्या आयुष्यात कुणाला दिलं नाहीत, मला तर नाहीच नाही. तरी मागते, नाना: एवढ्या एका चांगल्या पॅराशूटला मला बाद म्हणू द्या.