कीबोर्ड कुणाच्या हातात होता?

गुरुवार, संध्याकाळ

अजून डोकं शांत झालेलं नाही. प्रयोगशाळेत लिनक्सचे संगणक आल्यापासून मी त्या काळ्या खिडकीत कमांड टाईप करायला शिकतेय. शिकतेय कसली! दोन अक्षरं टाईप केली की शेजारचा निखिल कीबोर्ड ओढून घेतो. "द्या मॅडम, पटकन करून देतो." त्याचं पटकन होतं, माझं शिकणं राहतं.

आज मातीच्या नमुन्यांची आठवडाभराची मोजणी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची होती. मी कमांड आठवत होते, तेवढ्यात त्याने पुन्हा कीबोर्ड ओढला. "जुनं काढून टाकतो," म्हणाला आणि एंटर दाबलं. नवं-जुनं सगळंच गेलं. नक्की पुसू का, असं त्या यंत्राने एका शब्दाने विचारलं नाही. आणि हा मलाच म्हणतो, "तुम्ही बॅकअप घेतला नव्हता?"

मी? कीबोर्ड कुणाच्या हातात होता?

साहेबांसमोरही तेच. "मॅडम नवीन आहेत ना, चुकून झालं."

मी म्हटलं, "साहेब, कमांड निखिलने दिली. मला अजून पुसायला शिकवलेलंच नाही."

साहेब हसले. मला काही हसू आलं नाही.

मातीचे नमुने अजून आहेत, पुन्हा मोजता येतील, म्हणून निभावलं. निघताना निखिल पुटपुटला, "सॉरी मॅडम. उद्या लवकर येतो, सगळं परत मी करतो."

"ये. तू मोज आणि आकडे सांग. टाईप मी करणार, कितीही वेळ लागो."

बसमध्ये हडपसर येईपर्यंत कमांड घोकत होते. रागात पाठांतर बरं होतं, एवढं मात्र कळलं.