खाऱ्या टाकीत साधं पाणी

मी, खाली अंगठा उमटवणारी, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा कवळ्या बनवण्याचा (आता बंद), लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात, पाय, मान आणि जीभ मात्र माझ्या ताब्यात राहिलेली नाहीत. आजार स्नायूंचा आहे आणि तो मागे फिरत नाही. मी हे कुणाच्या दडपणाखाली करत नाही. दडपण आणायला भावजयीशिवाय कुणी घरात येत नाही, आणि ती फारसं बोलत नाही.

मजकूर अक्षरांच्या तक्त्यावरून सांगितला आहे. वकीलबाई बोट फिरवतात, हव्या त्या अक्षरावर मी डोळे मिटते. त्यात पुष्कळ दुपारी गेल्या. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही थोडक्यात सांगा, कायद्याची भाषा मी घालते." ती त्यांनी घातली आहे. टोमणे माझे आहेत.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित असून त्या माझ्या मृत्यूनंतर माझ्या धाकट्या भावाच्या मालकीच्या होतील. तो शाळेची बस चालवतो. आई गेली तेव्हा त्याला बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. मी बांधायचे. पुढे शिकल्यावरही तो कितीतरी दिवस पाय पुढे करून उभा राहायचा.

कलम २. बँकेतली ठेव भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, तिच्या एकटीच्या नावावर. लग्न होऊन आल्या आल्याच ती मला पाठीमागे 'दातवाली' म्हणाली होती. मी ऐकलं, आणि मी ऐकलंय हे तिला कळलं. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत आलो. आता तीच माझं तोंड पुसते, मला कुशीवर वळवते. मला तिला काही म्हणता येत नाही, म्हणून ठेव.

कलम ३. हत्यारं, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, दिवा, जबडे जुळवायची चौकट आणि पॉलिशचं यंत्र, शिकाऊ कारागिरांच्या शाळेला द्यावीत. माझ्या जुन्या भागीदाराने त्यातलं काहीही मागितलं तर देऊ नये. पाटीवरून माझं नाव काढताना तो म्हणाला होता, "लोकांना बाईच्या हातची कवळी नको असते." त्याच्या स्वतःच्या तोंडात माझ्याच हातची कवळी आहे. ती त्याच्याकडे राहू द्यावी.

कलम ४. आता टाकी. बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, दिवा, पंप, दगड, दोन नारिंगी मासे आणि जी प्रवाळं उरली असतील ती, सगळं धाकट्याला. हे असं का, ते सविस्तर सांगते.

हातातून सुरी निसटायला लागली तेव्हा काम सुटलं. त्याच सुमाराला शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात मी एक फांद्यांचं प्रवाळ पाहिलं. आयुष्यभर मी मेणात हिरड्यांचा जो गुलाबी रंग साधायला धडपडले, तो त्याला आपसूक होता. आणि ते पाण्यात हलत होतं. मी टाकी घेतली. दगड, वाळू, पाणी भरलं, मासे सोडले आणि थोड्याच दिवसांत प्रवाळ मागायला गेले.

मासेवाला म्हणाला, "बाई, घाई करू नका. निदान वर्षभर टाकी मुरू द्या. नवी टाकी लहरी असते. आज पाणी चांगलं, उद्या बिघडलेलं. मासे निभावून नेतात, प्रवाळांना नाही झेपत."

मी म्हटलं, "वर्षभराने माझे हात पाण्यात जाणार नाहीत."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि गुलाबी प्रवाळ पिशवीत घातलं. सोबत हिरव्या बटणांसारखं एक आणि अळंबीसारखं एक दिलं, ती चिवट असतात म्हणून. त्याने ते विकायला नको होतं असं कुणी म्हणेल. म्हणू नये.

आधी वाळूवर तपकिरी साय धरली, मग दगडांवर हिरवं शेवाळ. नव्या टाकीची ही नेहमीची दुखणी आहेत. मी दात घासायच्या ब्रशने दगड घासत होते, दिवा कमी वेळ लावत होते. मग दंड उचलेना. तेव्हापासून हात धाकट्याचे आणि सांगणं माझं. बस उभी करून तो वर यायचा, बाह्या सरसावायचा आणि कोपरापर्यंत पाण्यात.

"ताई, इथे ठेवू?"

"जरा डावीकडे."

"माझ्या डावीकडे की माशाच्या?"

असं आमचं चालायचं. माझी जीभ जड होत गेली तसं तो कान माझ्या तोंडाशी आणायचा. त्याच्या बाहीतून पाणी माझ्या मांडीवर गळायचं.

गुलाबी प्रवाळ बुंध्याशी पांढरं पडू लागलं होतं. मला ते दिसत होतं. प्रवाह बदलून पाहिला, दिवा वर घेऊन पाहिला. पांढरं वर चढतच राहिलं.

कलम ५. मग श्वासासाठी मला दवाखान्यात नेलं. टाकी धाकट्यावर सोपवली. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी साध्या, गाळलेल्या पाण्यानेच भरायचं असतं. हे मी त्याला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. तो रोज बादलीत मीठ कालवून खारं पाणी घालत राहिला. पाण्यातलं मीठ वाढलं.

मला खुर्चीतून वर आणलं तेव्हा त्याने काच लख्ख पुसून ठेवली होती. "बघ ताई, एक बोटभर कमी होऊ दिलं नाही," तो म्हणाला. हिरवी बटणं मिटलेली होती, अळंबी आक्रसली होती, गुलाबी प्रवाळ टोकापर्यंत हाडासारखं पांढरं झालं होतं. "तू नव्हतीस ना, रुसलीत," तो म्हणाला.

मी बादलीकडे पाहिलं. कडेला मिठाचा पांढरा थर होता. मी तिकडे पाहतेय हे त्याने पाहिलं.

"मीठ नव्हतं घालायचं?"

या आजारात रडू आपलं आपण येतं. त्याला कारण लागत नाही, आणि ते थांबवता येत नाही. नेमकं तेव्हा आलं. माझा आवाज दवाखान्यातच गेला होता. अक्षरांचा तक्ता दवाखान्याच्या पिशवीत होता, पिशवी आतल्या खोलीत. मी डोळ्यांनी आत, आत असं दाखवत होते आणि रडत होते.

"मी मारली का गं, ताई?"

बादली मोरीत ठेवून तो जिना उतरून गेला. तेव्हापासून वर आलेला नाही. वकीलबाईंनी फोन केला. तो म्हणाला, "तिच्यासमोर उभं राहवत नाही." मी तक्त्यावरून दोन चिठ्ठ्या लिहवून भावजयीच्या हाती धाडल्या. तिला विचारलं तर म्हणाली, "वाचत नाहीत. खिशात ठेवतात."

मृत्युपत्र मात्र त्याला ऐकावंच लागेल, म्हणून हे इथे घालते. तोवर मी नसेन, आणि त्याने काही विचारलं तर उत्तर देता येणार नाही. पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

धाकट्या, गुलाबी प्रवाळ कशाने गेलं ते मला माहीत नाही. टाकी तुझ्यावर सोपवण्याआधीच ते जायला लागलं होतं. टाकी नवी होती आणि मी थांबले नाही, म्हणूनही असेल. मिठानेही असेल. ते तपासणं आता माझ्या हातात नाही. मी तुझ्यामुळे रडले नाही.

कलम ६. सध्या साधं पाणी भावजय घालते. पुढे धाकट्याने घालावं. काचेवर रेघ आखली आहे, तिच्यापर्यंत. बटणांपैकी काही उघडू लागली आहेत असं मला खुर्चीतून वाटतं, पण दिव्याची चमक असते, खात्री नाही. हे वाचायच्या वेळी टाकीत काहीच जिवंत नसेल, तर टाकी, दगड आणि वाळू मासेवाल्याला द्यावी आणि हे कलम धाकट्याला वाचून दाखवू नये. कलम ५ दाखवावं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करणं जमणार नाही.

स्थळ: राहत्या घरी, बाहेरच्या खोलीत
दिनांक: तीन डिसेंबर

लिहून देणारीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा (अंगठा डॉक्टरांनी धरून उमटवला)

साक्षीदार:
१. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. मासेवाला, कोपऱ्यावरचं दुकान (सही)

खाडाखोडीबाबत वकिलाची नोंद: मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. कलम ५ मध्ये लिहून देणारीने "पाण्यातलं मीठ वाढलं" एवढंच सांगितलं होतं. अक्षरं जुळवताना मी आपल्या मनाने त्याआधी "भावाच्या चुकीमुळे" असं घातलं. तिथे येताच लिहून देणारीने डोळे मिटले आणि उघडले नाहीत. मी एकेक शब्द पुन्हा उच्चारत गेले. "चुकीमुळे" खोडला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. "भावाच्या" खोडला तेव्हा उघडले. त्या जागी दुसरं काही घालायचं का, असं विचारलं. तक्ता समोर धरला, बोट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. कुठल्याही अक्षरावर डोळे न मिटता त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोन शब्द कमी, मान्य.

(वकिलाची सही)