पूर्वेच्या खिडकीतलं संध्याकाळचं ऊन

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाचीचा नमस्कार. (वाकून केलेला, असं लिहिणार होते, पण मी खुर्चीत बसलेली आहे, आणि हे सगळं पत्रच खरं काय लिहिलं आणि खोटं काय लिहिलं याबद्दल असल्यामुळे पहिल्याच ओळीत घसरायला नको.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे आम्ही तिघंही ठीक. तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? कारण फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "घे, मामीशी बोल" म्हणता, आणि मामी मला बोलू देत नाहीत. शिवाय मला जे सांगायचं आहे ते तुम्ही हातात धरून, हवं तर दोनदा वाचून, खात्री करून घ्यावं असं मला वाटतं. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मामा, तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. डोक्यालाही नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

आता पहिल्यापासून. माझी ती वेबसाइट तुम्हाला आठवत असेलच. प्रोग्रामर माणसाच्या वेबसाइटवर प्रोग्रामिंगबद्दल काहीतरी असावं अशी अपेक्षा असते. माझ्या वेबसाइटवर सोळा वर्षं ढग, जिने, पाण्याच्या टाक्या आणि दुपारची झोप याखेरीज काही आलेलं नाही. रोजनिशीच ती, फक्त दार उघडं ठेवून लिहिलेली. गेल्या महिन्यात मी ती जुन्या व्यवस्थेतून काढून स्टॅटिक साइट जनरेटर नावाच्या नव्या व्यवस्थेत हलवायला घेतली. नाव ऐकून बिचकू नका. जुन्या पद्धतीत कोणी पान मागितलं की दूर कुठेतरी ठेवलेलं एक यंत्र जागं होणार, गोदामातून मजकूर काढणार, तारीख लावणार, खालच्या कमेंट गोळा करणार आणि त्या माणसासाठी ताजं पान जुळवणार. म्हणजे कोणी नकाशा मागितला की दर वेळी तुम्ही साखळी घेऊन उतरायचं आणि सगळी जमीन नव्यानं मोजायची. नव्या पद्धतीत सगळे नकाशे एकदाच काढायचे आणि कपाटात लावून ठेवायचे. मागेल त्याला नुसता काढून द्यायचा. तुम्ही आयुष्यभर जमिनी मोजल्यात, तुम्हाला यातला शहाणपणा लगेच कळेल. (माझ्याकडे मागणारे किती, हा प्रश्न विचारू नये. नवऱ्याच्या मते दीड. एक तुम्ही, आणि अर्धा तो स्वतः, कारण तो शेवटचा परिच्छेद तेवढा वाचतो.)

पहिल्या खेपेला गंमत झाली. मजकूर सगळा नीट आला, पण तारखा मी कुठून घ्यायच्या ते सांगायला विसरले, म्हणून यंत्रानं प्रत्येक नोंदीला ती फाइल ज्या दिवशी तयार झाली तो दिवस लावला. तीनशे बारा नोंदी, सगळ्या एकाच मंगळवारी. त्या मंगळवारी मला पहिली नोकरी लागली, चारदा सर्दी झाली, आम्ही या घरात राहायला आलो, मुलगी जन्मली, तिचा पहिला दात पडला, आणि त्याच मंगळवारी ती सायकलवरून माझ्याशी न बोलता क्लासला निघून गेली. चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली असती. पण मी सबंध रविवार तो मंगळवार वाचत बसले. सगळे ऋतू एकाच दिवसात, आणि मी मात्र कुठेच घाईत नाही. मुलीनं जन्म घेतल्यावर अकराव्या ओळीत ती मला चहा करून देते. असा एखादा दिवस खरोखर मिळाला असता तर मी तो नीट वापरला असता का, की त्यातही दुपारी झोपले असते, याचा मी बराच विचार केला. (झोपले असते. नोंदी आहेत.)

दुसऱ्या खेपेला तारखा जागेवर आल्या आणि प्रश्न कमेंटचा उरला. पानं एकदाच काढून ठेवायची म्हटल्यावर त्यांच्याखाली येणाऱ्याजाणाऱ्यानं लिहायची सोय राहत नाही; असलेल्या कमेंट ठेवायच्या तर पानातच कायमच्या लिहून टाकाव्या लागतात. मी मोजल्या. सोळा वर्षांत एकूण बाहत्तर. त्यातल्या चार बूट विकणाऱ्यांच्या, पाच अनोळखी माणसांच्या, आणि त्रेसष्ट तुमच्या.

एक पान सहज उघडलं. अकरा वर्षांपूर्वीचं. वर मी लिहिलं आहे, की झोपायच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन गादीवर आलं आहे. आणि खाली तुम्ही: "पूर्वेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन येणार नाही. तपासून पाहा. मामा." मी पुन्हा वर पाहिलं. सकाळचंच ऊन. दुसरं पान उघडलं. जिन्याला सोळा पायऱ्या, असं मी, आणि खाली तुम्ही: "सतरा नव्हेत, सोळा. मागच्या खेपेला मोजल्या आहेत." तिसऱ्या पानावर पाण्याच्या टाकीचं वर्णन, आणि त्याखाली तुमचं म्हणणं असं, की पौर्णिमेचा चंद्र दुपारी चार वाजता उगवत नसतो. त्या पानावर चंद्रच नाही! मग तो चंद्र कोणी काढून टाकला ते मला आठवलं.

मामा, तुमची प्रत्येक कमेंट आली की मी गुपचूप आत जाऊन चूक दुरुस्त करत होते. आभार मानले नाहीत, उत्तर दिलं नाही. का, याचा मी या महिन्यात प्रामाणिकपणे शोध घेतला आहे. आधी वाटलं, आळस. मग वाटलं, तुमचा वेळ जाऊ नये म्हणून. खरं कारण असं आहे, की आभार मानले असते तर चूक झाली होती हे लेखी राहिलं असतं. आणि मला सोळा वर्षं चुका न करणारी बाई दिसायचं होतं. (दीड माणसाला!) त्यातही दुरुस्त्या धड केल्या नाहीत. चंद्र काढला, पण त्याच्याबद्दलच्या चार हळव्या ओळी तशाच ठेवल्या, त्यामुळे सध्या त्या पानावर मी एका सिमेंटच्या टाकीकडे पाहून गहिवरते आहे आणि ती मला बालपणापासून ओळखते असं म्हणते आहे.

त्याच टाकीच्या पानावर सगळ्यांत खाली मला ते सापडलं. दोन वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसानं तुम्हाला लिहिलं होतं: "काका, बरं आहे ना? लेखात चंद्र कुठेच नाही." आणि त्याच्याखाली तुम्ही: "माफ करा. माझ्या वाचण्यात चूक झाली असेल." त्यानंतर तुमची एकही कमेंट नाही. मला याचा पत्ताच नव्हता. सूचना ज्या ईमेलवर जायच्या त्याचा पासवर्ड मी त्याच सुमारास हरवून बसले. मी आपली समजत होते, की मामा आता कंटाळले. आणि मागच्याच आठवड्यात मामी फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, दोनदा डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणतो नजर ठणठणीत. तर आता यांचं सुरू झालंय की मग डोकंच गेलं असणार. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात. शब्दकोडं सोडलं." मी म्हटलं, "वय झालं की होतं असं, मामी." मामा, असं मी म्हटलं. मीच!

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दाताचा डॉक्टर असल्यामुळे त्याच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच सल्ला असतो. "काढून टाक कमेंट," तो म्हणाला, "दुखणार नाही." आणि खरंच, एका ओळीचं काम होतं. मी ते केलंही. (हे लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले.) वीस मिनिटं माझी वेबसाइट अगदी निष्कलंक होती. तिच्यात कधीही न चुकणारी एक बाई होती, आणि तिला मामा नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि सगळ्या कमेंट जागेवर ठेवल्या.

मग उरला एकच मार्ग, आणि तो मला अगदी सरळ वाटला. तुमच्या कमेंट ठेवायच्या तर माझ्या चुका परत आणायला हव्यात. जुन्या व्यवस्थेची एक गोष्ट चांगली होती, प्रत्येक बदलाच्या आधीचा मजकूर ती कुठेतरी तळाशी जपून ठेवायची. रोज ऑफिसातून आल्यावर, दिवे लागायच्या आधी, मी दोन-तीन चुका वर काढते. पायऱ्या पुन्हा सतरा केल्या. पुलावरून पाहताना नदी पुन्हा डावीकडे वाहू लागली. चंद्र दुपारी चारला टाकीवर आणून ठेवला आणि टाकीनं सुटकेचा श्वास सोडला असावा. तुम्हाला सांगते मामा, चुका परत आल्यावर ते घर मला ओळखू आलं. दुरुस्त केलेलं घर दुसऱ्या कोणाचंतरी वाटायचं. हे मात्र माझं, ज्यात एक पायरी जास्त आहे आणि ती चढताना दम लागत नाही, जिथे दुपारी चंद्र असतो, आणि झोपून उठलं की पूर्वेकडून संध्याकाळ आत येते. आणि दर पानाखाली, शांतपणे, एक माणूस साखळी घेऊन उभा आहे आणि म्हणतो आहे, तपासून पाहा.

पण मनात किडा वळवळायचा तो वळवळलाच. जी गोष्ट चुकीची आहे हे मला आज माहीत आहे ती पुन्हा लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नाही का? याचं उत्तर मिळावं म्हणून परवा सहा वाजता मी झोपायच्या खोलीत जाऊन बसले. आणि मामा, ऊन आलं! पूर्वेच्या खिडकीतून, पिवळं, थेट गादीवर. क्षणभर मला वाटलं, अकरा वर्षं मी बरोबर होते आणि तुम्ही चुकलात. मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाला, "समोरच्या बिल्डिंगच्या काचा." मावळतीचं ऊन त्या काचांवरून उलटं येतं. ती बिल्डिंग उभी राहून आठ वर्षं झाली; मी लिहिलं ते अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा समोर मोकळी जागा होती. म्हणजे तुम्हीच बरोबर होता. अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न वेळा, तपासता आल्या तेवढ्या सगळ्या मी तपासल्या आहेत. हे वाक्य मामींना मोठ्यानं वाचून दाखवा. आणि बाटलीवरचं यापुढे स्वतः वाचा.

मामींना नमस्कार सांगा. शब्दकोडी पाठवू का?

तुमची, एकदाची पकडली गेलेली,
भाची

ता. क. नवी वेबसाइट अजून लोकांसाठी उघडलेली नाही. तुमच्या कमेंट आता माझ्या मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात छापल्या आहेत. त्या अनोळखी माणसाला मी त्याच पानावर जाहीर उत्तर दिलं आहे. नवऱ्याच्या मते जरा जास्तच लांब झालं आहे. (सहा परिच्छेद.)

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तुमची ती माफीची कमेंट सोडून उरलेल्या बासष्टपैकी अठ्ठावन्न चुका सापडल्या. अगदी सुरुवातीच्या चार मिळत नाहीत, तेव्हाचा मजकूर व्यवस्थेनं जपलेलाच नाही, आणि मी काय लिहिलं होतं ते मला काही केल्या आठवत नाही. तुमच्या कमेंट तेवढ्या आहेत. एक: "असं होऊच शकत नाही." दोन: "पुन्हा मोज." तीन: "बरोबर उलट." माझ्या चुका माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लक्षात असतील, तर आठवेल तसं कळवा, काहीच घाई नाही, पण पहिल्या तीन नाही आठवल्या तरी चालेल, चौथी मात्र नक्की आठवून पाहा. तिथे तुम्ही लिहिलं आहे, "असं नव्हतं. हे तुझ्या आईला विचार." मी तेव्हा आईला विचारलं नाही, गुपचूप ते वाक्य काढून टाकलं. आता आई जाऊन सहा वर्षं झाली. मामा, मी तिच्याबद्दल काय चुकीचं लिहिलं होतं? आणि कसं होतं?