मळका कपडा पाठव

ता. ९, मंगळवार
दुकानातून

चि. मिरीस,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. तूही मजेत असशील असं धरून चालतो, विचारायला तोंड कुठे ठेवलंय मी?

लॉन्ड्री चालू आहे. वाफेची इस्त्री पुन्हा गळायला लागली आहे. शेजारचा चष्मेवाला तुझी चौकशी करतो, मी "छान चाललंय तिचं" म्हणून ठोकून देतो. तुझा बोका मुकादम अजूनही काउंटरवर पसरून गिऱ्हाइकांवर डोळे वटारतो.

घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय. हस खुशाल. तू दोन मांजरं आणलीस तेव्हा आठवडाभर थयथयाट करणारा तुझा बाप आता अडीच महिन्यांच्या पिल्लामागे फडकं घेऊन फिरतो. त्याचं नाव बटण, कारण आल्या आल्या माझ्या शर्टाचं बटण गिळलं. दुसऱ्या दिवशी ते सुखरूप बाहेर आलं. धुऊन पुन्हा लावलं. चष्मेवाल्याच्या कुत्रीला पाच झाली, त्यातलं एक त्याने माझ्या गळ्यात मारलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. "काका, एकदम मांजरांसमोर आणू नका. पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा. याच्या अंथरुणातलं फडकं त्यांच्याकडे, त्यांचं याच्याकडे. वास ओळखीचा झाला की निम्मं काम झालं." मी अक्षर न् अक्षर पाळलं. पिल्लू तुझ्या खोलीत ठेवलं. मुकादम दोन दिवस फुसफुसला, तिसऱ्या दिवशी दाराखालून पंजा घालून त्याने बटणाला एक टपली दिली आणि विषय संपवला.

तुझ्या मांजरीने, सायीने, चार दिवस काही खाल्लेलं नाही. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. दोन कागद फाडले, तरी इतकं खाली आलं.

कपाटावर, सुटकेसच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसली आहे. हाक मारली की कानसुद्धा हलवत नाही. डॉक्टरीणबाई कालपासून येऊन सिरिंजने पातळ अन्न भरवतात, ती अर्धं थुंकते. त्या म्हणाल्या, "मांजर इतकं उपाशी राहिलं की लिव्हर जातं. आणखी दोन दिवस मी ओढून नेईन, पण तिने स्वतःहून तोंड लावायला हवं. कुत्र्याशिवाय घरात आणखी काही बदललंय का?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

तुझा शेवाळी स्वेटर. तू गेलीस त्या दिवशी वॉशिंग मशीनच्या मागे सापडला होता. साय त्याच्यावरच झोपायची. चौदा महिने मी तो धुतला नाही, मिरे. कॉलरवर ठिपका दिसला तरी मला जेवण जात नाही यावरून तू माझी किती टर उडवायचीस. त्याच माणसाच्या घरात कॉफीचा डाग पडलेला, बाह्या काळवंडलेला स्वेटर चौदा महिने तसाच होता. आणि साय एकटीच त्यात तोंड खुपसत नव्हती. दुपारी दुकान बंद करून घरी आलो की मीही बसायचो. आता लिहिलंच आहे तर असू दे.

सायीच्या अंथरुणातलं फडकं म्हणजे तोच स्वेटर. शुक्रवारी मी तो तासाभरासाठी पिल्लाजवळ ठेवला. परत येऊन बघतो तर बटणाने त्याच्यावर मुतून ठेवलेलं. मी विचार केलाच नाही. एकतीस वर्षांची हातांची सवय. गार पाण्यात बुडवला, डागाला औषध लावलं, दोनदा धुतला, सावलीत वाळवला, वाफ दिली, चौकोनी घडी घातली. गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावतो तशी खुणेची चिठ्ठीसुद्धा टाचली.

ती घडी सायीपुढे ठेवली. तिने हुंगली. पंजाने उलगडली, आतून हुंगली, बाहीत डोकं घालून हुंगली. मग माझ्याकडे बघितलं आणि कपाटावर गेली ती गेलीच. नंतर मीही हुंगून पाहिला. नुसता साबण.

तू दुकान सांभाळणार नाही म्हणालीस तेव्हा मी चार गिऱ्हाइकांदेखत बोललो होतो, "आजपासून तू मला मेलीस." तू म्हणालीस, "बाबा, हे शब्द परत घ्या." मी इस्त्री फिरवत राहिलो. भाड्याच्या खोलीत मांजरं चालत नव्हती म्हणून जाताना एवढंच म्हणालीस, "यांना तरी सांभाळा." रागात बोललो, जाईल विसरून, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण सायीपुरती तू शुक्रवारी खरंच मेलीस, आणि ते माझ्या हातांनी झालं.

चष्मेवाल्याचंही खोटं लिहिलं. पिल्लू मीच मागून घेतलं. गेल्या महिन्यात सकाळी बाथरूममध्ये घसरलो, दुपारपर्यंत उठता आलं नाही. तुझी आई गेल्यावर आपण दोघं होतो, आता मला हाक मारणारं कोणी नाही. मुकादम आणि साय दारात बसून माझ्याकडे बघत होती. मांजरं बिचारी काय ओरडणार? पुन्हा पडलो तर कोणी तरी भुंकावं, एवढ्यासाठी बटण. पाय आता बरा आहे, जरा लंगडतो. त्यासाठी येऊ नकोस.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही. म्हणून कुरिअर. हे उद्या सकाळी तुला मिळेल. मिळेल त्या क्षणी अंगावर जे असेल ते काढून पिशवीत घट्ट बांध आणि लगेच पाठव. घामट असलं तरी चालेल. धुऊ नकोस. मी तुझ्या पाया पडतो, मिरे, धुऊ नकोस.

ते शब्द मी परत घेतो. चौदा महिने उशीर झाला, तरी घेतो. आणि पिशवीपेक्षा तो कपडा घालून तूच आलीस तर साय लवकर ओळखेल. मीही.

आलीस तर तुझं काहीही धुणार नाही.

बाबा