ताऱ्याचं ग्रहण आणि माझा अर्धा आलेख

अकोट,
१९ जानेवारी २००७

आदरणीय नत्थुजी भाऊ,

अकोटहून सूर्यभानचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर तेल लावा, पण हे पत्र उभ्याने वाचू नका. भातकुलीच्या शेतातली तूर ठीक असेल अशी आशा. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त मी संतापलेला आहे.

तुमची बहीण (म्हणजे माझी बायको, निदान मंगळवारपर्यंत) अमरावतीच्या एसटीत बसून तुमच्याकडे आली आणि तिने काय सांगितलं असेल ते मी इथूनच सांगतो: मी तिला उपाशी ठेवतो. भाऊ, उपाशी मी राहिलो! निवृत्तीनंतर मी गच्चीवर दुर्बीण बसवली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिला उजेड मोजायचं यंत्र रेडिओ दुरुस्तीवाल्या अब्दुल रहीमने जोडून दिलं. ययाती तारकासमूहात एक तारा आहे. खरं तर ते दोन आहेत, आणि दर तीनेक दिवसांनी त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढे येतो, तेव्हा उजेड उतरतो आणि पुन्हा चढतो. मी दुर्बिणीपाशी बसून आकडा ओरडायचा, तुमच्या बहिणीने तो वेळेसकट वहीत लिहायचा, त्यावरून मी आलेख काढायचा. लोडशेडिंगमुळे गाव काळंकुट्ट, आकाश लख्ख. सगळं जमून आलं होतं.

चूक एकच झाली. तिने विचारलं, ताऱ्याला होतं काय? आणि एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला मी बोलून गेलो, ग्रहण लागतं.

झालं! तेव्हापासून ग्रहणाच्या दिवशी संध्याकाळीच चूल बंद. दुधात, लोणच्यात (माझ्या चिवड्यातसुद्धा!) तुळशीचं पान. शेजारच्या माणिकबाईंनी गरोदर सुनेला, प्रणालीला, खोलीत बसवलं. हाती विळी नाही, सुई नाही. मी माणिकबाईंना समजावलं, की तिथून उजेड यायला नव्वदेक वर्षं लागतात, म्हणजे हे ग्रहण आपल्या आज्यांच्या काळातच लागून सुटलं. तर म्हणतात, "मंग मास्तर, तवा कोनी पाळलं नसन. आता तरी पाळू द्या."

आणि आकडा तळाला जाऊन वर चढू लागला की तुमची बहीण विचारणार, "सुटून राह्यलं काय?" मी खोटं कसं बोलू? हो म्हटलं की वही ठेवून ती न्हायला खाली. अंगणात बंब पेटतो, धूर सरळ दुर्बिणीवर. दोन महिन्यांत रात्रीची अशी पाचच ग्रहणं मिळाली (बाकीची दिवसाउजेडी किंवा पहाटे), पाच उतार, आणि चढ एकही नाही! या अर्ध्या आलेखाचं मी काय लोणचं घालू?

मंगळवारी मी ओरडलो, की हे ग्रहण नाहीच, बंद कर हा तमाशा. ती म्हणाली, "म्हंजे दोन मईने मले थंडीत खोटंच लिवाले बसवलं काय?" आणि पिशवी भरली. तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तूर्त एवढंच. राग कायम आहे.

आपला,
सूर्यभान

ता. क. पत्र बंद करण्याआधी वही उलटून पाहिली. मागच्या पानांवर तिच्या अक्षरात पाचही रात्री आहेत: "साडेनऊ, बाजूच्या चांदणीहून कमी. अकरा, बरोबरीले आली. सव्वा वाजता पूर्ण सुटली." न्हाऊन, ओल्या केसांनी अंगणात उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं. ही पानं मी कधी उलटलीच नव्हती. तिचे चढ माझ्या उतारांना जोडून पाहिले. आलेख पूर्ण झाला.

ता. क. दुसरा. पुढच्या गुरुवारी पुन्हा रात्रीचं ग्रहण आहे. चतुराला बुधवारच्या एसटीत बसवून द्या, हात जोडतो. पाणी मी दुपारीच तापवून ठेवीन. आणि तिला एवढं सांगा, की चिवड्यात तुळशीचं पान या वेळी मी स्वतः टाकलंय.